केळफुलाची भाजी आणि काकांचं नाव

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आज रेडिओवरचा महिलांचा कार्यक्रम संपेपर्यंत शिवारात कोणीही पाण्याची मोटार चालू करू नये. केल्यास त्याच्या घरच्या लग्नात आम्ही जेवणार नाही.

ही घोषणा माझ्या काकांच्या वतीने मी केली. अर्धापूरजवळच्या त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापुढे, बाजेवर उभा राहून. केळीला पाणी द्यायची लाईट नेमकी त्याच वेळी आलेली. तरी शेजारपाजारचे शेतकरी मोटारी बंद ठेवून आमच्या अंगणात येऊन बसले. नांदेडच्या रेडिओवर आमच्या काकू केळफुलाची भाजी सांगणार होत्या!

रेडिओ माझा होता, लातूरच्या माझ्या घरून खास आणलेला. एरवी तो आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर बोलत असतो. मोंढ्यातले भाव, कुठल्याशा गावचं भजनी मंडळ, सोयाबीनवरच्या अळीबद्दल घरातलं कुणी आजारी असल्यासारखे बोलणारे साहेब, मला सगळंच आवडतं. जगाच्या बातम्या मोबाईल देतो. पण "हदगावच्या एका ताईंनी विचारलंय" असं रेडिओच म्हणतो, आणि ताईंनी काय विचारलं ते ऐकता ऐकता माझा चहा निवतो.

काकांना मात्र भाजीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं स्वतःचं नाव. काकूंनी ते लग्नापासून एकदाही उच्चारलेलं नाही. उखाणा घ्यायची वेळ आली की नेमका नावाच्या जागी त्यांना खोकला यायचा.

"रेडिओवाले पूर्ण नाव विचारतेत," काका मिशीला पीळ देत म्हणाले. "तिथं कशी खोकती बघूच."

रेकॉर्डिंग आठवड्यापूर्वीच झालं होतं. पण काय बोललात विचारलं, की काकूंचं एकच उत्तर, "ऐकाल तवा कळंल."

कार्यक्रम लागला. निवेदिकेने नाव विचारलं. काकूंनी स्वतःचं सांगितलं आणि थांबल्या.

"पूर्ण नाव?"

"ते ऱ्हाऊ द्या. आधी भाजी घ्या."

अंगणात हशा पिकला. काकांची मिशी उतरली. रेडिओतल्या काकू निवांत सांगत होत्या: बोटांना तेल लावायचं, न्हाईतर चिकानं काळी पडतात, मग एकेका फुलातला दांडा काढायचा. दाराशी उभ्या असलेल्या खऱ्या काकू तोंडाला पदर लावून स्वतःचाच आवाज ऐकत होत्या.

"एवढी निगुतीची भाजी शिकवली कुणी, आईनं की सासूबाईंनी?" निवेदिकेने विचारलं.

"छ्या! आमच्या ह्यांनी. आजबी घरी तेच करतेत. मी निस्ती खाते."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. चुलीजवळ जाणं हे बाप्यांचं काम नव्हे, असं पारावर बसून सांगणारे हेच आमचे काका. त्यांची काळी बोटं बागेतल्या कामाची, असंच सगळे समजत आले होते. मग शेजारच्या तात्यांना हसू फुटलं, "आँ! दादा, मंग संक्रांतीला मी तीनदा मागून खाल्ली, ती भाजी तुमची?"

"बंद कर ते!" म्हणत काका ताडकन उठले आणि रेडिओकडे धावले. मी रेडिओ उचलून छातीशी धरला. "काका, नाव राहिलंय अजून!"

"न्हाई पाहिजे नाव!"

त्यांनी माझ्या काखेतून हात घालून बटण गाठलं, तेवढ्यात निवेदिका म्हणाली, "जाता जाता उखाणा तरी घ्याच."

काकांचा हात बटणावरच थांबला. तात्यांनी हसणं गिळलं.

"केळफुलाच्या चिकानं बोटं झाली काळी," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या, आणि पुढे चक्क नाव आलं. ते मी इथे लिहिणार नाही. काकूंनी जन्मात एकदा घेतलं, मी ते फुकट का वाटू? पण आलं ते अख्खं, राव लावून, खोकल्याशिवाय. "भाजी करतात सणावाराच्या वेळी" ही पुढची ओळ काकूंनी नंतर सांगितली; तेव्हा ती कुणालाच ऐकू गेली नाही. कारण नाव कानावर पडताच काका रेडिओत तोंड घालून, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले होते,

"ओऽऽ! आलो, आलो!"