पहिला तास पुढे ढकलणाऱ्या नाखवा मॅडम

नाखवा मॅडम गेल्या तेव्हा मी वर्गात होते. फोनवर त्यांच्या भावाचं नाव दिसलं आणि काय झालं असेल ते उचलण्याआधीच कळलं... तरी फळ्यावरचं अर्धं वाक्य मी पूर्ण केलं. का, ते अजून सांगता येत नाही.

ठाण्यातल्या बाळकुमच्या कोळी कुटुंबातल्या या बाई कल्याणच्या आमच्या खाजगी कॉलेजात प्राचार्य म्हणून आल्या, तेव्हा आर्ट्स नावापुरतंच उरलं होतं. दिव्याहून लोकलने येणाऱ्या मुली पहिल्या तासाला नसायच्या, हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला मुकायच्या आणि आम्ही त्यांना आळशी म्हणून मोकळे व्हायचो. मॅडम त्यांच्यातल्या काहींच्या घरी जाऊन आल्या. नळाला पाणी सकाळीच येतं आणि ते भरायला मुलीच असतात, एवढंच त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि पहिला तास पुढे ढकलला. घरी जायला उशीर होणार म्हणून निम्मा स्टाफ चिडला. मॅडमनी शेवटचा तास स्वतःकडे घेतला, आवाज मात्र कुणावर चढवला नाही. हळूहळू वर्ग भरले. मुली इतके प्रश्न विचारू लागल्या, की त्याच त्या नोट्सवर इतिहास शिकवणारी मीसुद्धा पुन्हा लायब्ररीत जाऊन बसायला लागले.

मग संस्थेला विद्यापीठ व्हायची स्वप्नं पडू लागली. मॅनेजमेंटच्या कोर्सेसना खोल्या हव्या होत्या, म्हणून आर्ट्सचे नवे प्रवेश बंद झाले. मॅडमनी विनंत्या केल्या, मग त्या भांडल्या, पालकांना घेऊन संस्थाचालकांच्या दारात बसल्या. शेवटी, तुमच्या नेतृत्वाने कॉलेजचा कायापालट झाला, आता विश्रांती घ्या, असं सांगून त्यांचा सत्कारच करण्यात आला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर एकदाच बाळकुमला त्यांच्या घरी गेले. त्या खूप खंगल्या होत्या. चहा निवून गेला तरी कप हातातच होता. मग म्हणाल्या, "शुभांगी, मला वाटायचं माणसं बदलली की कॉलेज बदलतं. इमारत कुणाच्या नावावर आहे, ते मी बघितलंच नाही गं." पुढच्याच महिन्यात झोपेत त्यांचं हृदय थांबलं.

तास संपला की मॅडम जिन्याच्या वळणावर उभ्या राहायच्या आणि उतरणाऱ्या मुलींना विचारायच्या, "आज काय पटलं नाही?" सुरुवातीला मुली लाजायच्या, नंतर तिथेच वाद घालत बसायच्या. आता आर्ट्सची शेवटची तुकडी उरली आहे. त्या मुली अजूनही वळणावर थबकतात. परवा मी तिथे जाऊन उभी राहिले. तोच प्रश्न विचारायचा होता, पण त्याआधीच एकीने मलाच विचारलं, "मॅडम, आमच्यानंतर इथे कोण येणार?"

उत्तर तिला माहीत होतं. मागच्या मुलीही थांबल्या होत्या. मी भिंतीला टेकून बाजूला झाले आणि त्यांना खाली जायला वाट दिली.