एसएमपीएसची तपासणी आणि मी, समोरची पार्टी

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती लगेच वापरायला मिळत नाही. आधी तिची तपासणी होते. मिक्सर, गीझर, इस्त्री हे तर झालेच, पण माझ्या माहेरहून आलेला दगडी खलबत्ताही या वाटेने गेला आहे. त्यावर शेरा पडला होता, 'तळ किंचित डुगडुगतो. वापरास हरकत नाही.' माझ्या माहेराबद्दल या घरात आजवर काढले गेलेले हे सर्वांत प्रेमळ उद्गार.

तपासणारे अर्थात माझे सासरे. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात, जिथे हत्तीएवढाले ट्रान्सफॉर्मर बनतात, तिथे त्यांनी सगळी नोकरी टेस्टिंग विभागात काढली. निवृत्त झाल्यावर साकेत नगरच्या आमच्या घरी राहायला आले तेव्हा त्यांचं सामान एका टेम्पोत मावलं. टेस्टिंग विभाग मात्र त्यांनी अख्खाच्या अख्खा बरोबर आणला.

माझी लेक इमारतींची चित्रं करते. इमारत उभी राहायच्या आधीच ती आतून कशी दिसेल, खिडकीतून ऊन कुठे पडेल, हे ती कॉम्प्युटरवर चालतं-फिरतं करून दाखवते. पुण्याच्या एका ऑफिसने तिला सांगितलं होतं, की आम्ही पाठवतो ते नमुन्याचं काम शुक्रवारपर्यंत करून दे. जमलं तर खुशाल भोपाळहून काम कर, नाहीतर पुण्याला ये, इथे खुर्ची रिकामी आहे. काम तिला येत होतं. कॉम्प्युटरला येत नव्हतं. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून चित्र अर्ध्यावर आलं की तो गपकन बंद पडायचा. दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितलं, की जुन्या एसएमपीएसला हा भार झेपत नाही, नवा आणा. एसएमपीएस म्हणजे घरातल्या विजेची कॉम्प्युटरला पचेल अशी वीज करून देणारा डबा. मी ऑनलाइन एक मोड्युलर डबा मागवला. मोड्युलर अशासाठी, की त्याच्या वायरी सुट्या येतात. लागतील तेवढ्याच खोचायच्या, बाकीच्या पिशवीत ठेवायच्या.

पुण्याची ती खुर्ची बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कानावर गेली आणि घरात चमत्कार सुरू झाले. त्यांनी 'जाऊ नको' असं एकदाही म्हटलं नाही. ते फक्त सकाळी पेपर मोठ्याने वाचू लागले, आणि पेपरात नेमकं पुणंच सापडू लागलं. पुण्यात आज वाहतूक कशी तुंबली, पुण्यात खोल्यांची भाडी कशी वाढली. एका सकाळी ते म्हणाले, पुण्याच्या पाण्याने केस गळतात. ही बातमी कुठल्या पानावर आहे म्हणून मी पेपर मागितला, तर त्यांनी तो चष्म्यासकट घडी करून ठेवला.

खरी गोष्ट अशी, की रोज संध्याकाळी नात आजोबांना स्कूटरवर मागे बसवून हबीबगंज स्टेशनकडे चहाला नेते. स्टेशनचं नाव बदललं तरी या दोघांचा चहा हबीबगंजचाच. मी केलेल्या चहात त्यांना साखरेपासून कपापर्यंत सगळं खटकतं. तिथल्या कळकट ग्लासाबद्दल मात्र कधी शेरा ऐकला नाही. त्या स्कूटरची मागची सीट जाते की राहते, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्या काळ्या डब्यावर येऊन थांबला होता.

डबा पास व्हावा हे बाबांइतकं कुणालाच वाटत नव्हतं. पण तपासणी ती तपासणी. रविवारी पोहे झाल्यावर त्यांनी जेवणाचं टेबल रिकामं करवलं, त्यावर जुनी सतरंजी घातली, चामड्याच्या पेटीतून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला आणि भूमिका वाटून दिल्या.

त्यांच्या कारखान्यात मोठ्या मालाची तपासणी एकट्याने करायची पद्धत नव्हती. माल घेणारा समोर हजर हवा, माल पुरवणाऱ्याचा माणूस हजर हवा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काटा हलायला हवा. पुरवणाऱ्याला तिथे 'पार्टी' म्हणत. चहा आणि काजू पार्टीकडून, आणि बोलणीही पार्टीलाच. आमच्याकडे माल घेणारी झाली लेक. माझे यजमान पेपरच्या मागे गेले ते तपासणी संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. राहिले मी.

"ऑर्डर कोणी दिली होती?" बाबांनी विचारलं.

"मी."

"मग तुम्ही पार्टी."

मी म्हटलं, बाबा, ऑर्डर देणारा तर घेणारा झाला ना. पण तो मुद्दा नोंदवून न घेता बाजूला ठेवण्यात आला. एरवी मला 'सूनबाई, तू' म्हणणारे बाबा त्या सकाळी मला 'तुम्ही' म्हणत होते. मीही कमी नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी बरीच वर्षं नाटकं केली आहेत. खलनायिकेचं काम तर मागून घेते. आत जाऊन साडीवर यजमानांचा कोट चढवला आणि काजूची बशी घेऊन आले. लेक म्हणाली, "मम्मी, यार, सीरियसली?" आणि मग हसू दाबायला तिने टेबलाखाली डोकं घातलं.

बाबांनी डबा हातात तोलला. वजन चांगलं आहे म्हणाले. पंख्याला बोटाने हलकेच फिरवून कान लावला. रंगाची कड एका कोपऱ्यात उडाली होती त्यावर माझ्याकडे असं पाहिलं, की ती मीच कारखान्यात नखाने खरवडली असावी. मी खाली मान घालून पार्टीच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली.

मग वायरींची पिशवी आली, आणि इथे बाबांनी हात वर केला. नव्या डब्याबरोबर आलेल्या वायरी त्यांना नको होत्या. त्यांचं म्हणणं असं, की टेस्टिंगमध्ये वायरी नेहमी आपल्या हव्यात, ओळखीच्या, आधी पारखलेल्या. पार्टीच्या वायरीवर पार्टीचा माल तपासायचा म्हणजे परीक्षार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासण्यासारखं. जुना डबाही मोड्युलर होता, आणि त्याच्या वायरींनी इतके दिवस इमानाने काम केलं होतं. त्याच आणा.

कॉम्प्युटरच्या बोर्डाला जाणारी जाडजूड वायर नव्या डब्यात शिरेचना, तिचं तोंडच वेगळं होतं. तेवढी नवी घ्यावी लागली, आणि बाबांनी ती दुखऱ्या मनाने घेतली. पण हार्ड डिस्कला जाणारी जुनी वायर टक्कन बसली. ते समाधानाने म्हणाले, बघा.

मी तोपर्यंत डब्याबरोबरचा कागद उघडून खलनायिकेच्या आवाजात वाचत होते. बारीक अक्षरात एक ओळ होती, फक्त सोबत दिलेल्याच वायरी वापराव्यात. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा एक हात हवेत धरून.

"प्रत्येक पार्टी हेच लिहिते," बाबा म्हणाले. "स्वतःच्या वायरी खपवायला."

टाळ्या मिळाल्या नाहीत, पण मी खाली बसले.

त्यांचा दुसरा नियम मात्र सोन्याचा. पहिली तपासणी रिकाम्या पोटी. म्हणजे डब्याला कॉम्प्युटर जोडायचा नाही, काहीच जोडायचं नाही. नुसता चालू करून वायरींच्या टोकांवर व्होल्ट मोजायचे. डबा एकट्याने सुरू व्हावा म्हणून त्यांनी मोठ्या वायरीच्या दोन छिद्रांत तारेचा तुकडा अडकवला, बटण दाबलं, पंखा सुरू झाला. मोठी वायर बरोबर निघाली. मग त्यांनी डिस्कच्या वायरीला मल्टिमीटरच्या टोच्या लावल्या, आणि त्यांची मान थोडी पुढे आली.

त्यांनी परत मोजलं. चष्मा पुसला. परत मोजलं.

जिथे पाच व्होल्ट हवेत तिथे बारा येत होते. डिस्क जोडलेली असती तर ती जळून गेली असती, आणि तिच्यावरचं लेकीचं सगळं काम तिच्याबरोबर. बाबांनी बटण बंद केलं, दोन्ही टोच्या नीट गुंडाळल्या आणि म्हणाले, "रिजेक्ट."

मी कोट काढला. नाटक कुठे थांबवायचं ते मला कळतं.

दुसरा डबा यायला आठवडा सहज जाणार होता आणि शुक्रवार त्याच्या आत होता. लेकीने टेबलावरची सतरंजी सरळ केली. मग म्हणाली, "कोई बात नहीं, आजोबा. मी कळवते त्यांना, येते म्हणून." आणि आपल्या खोलीत गेली. पेपरच्या मागे पान उलटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

बाबा जेवायला बसले पण पोळी चिवडत राहिले. जेवणं झाल्यावर मी ओटा पुसत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डबा परत करायला किती दिवस असतात, दुसरी कंपनी लवकर पाठवेल का, असं काहीबाही विचारलं. त्याची उत्तरं त्यांना माहीत होती. मी त्यांना चिडवायच्या बेतात होते, की आयुष्यात एकदा तरी डोळे मिटून पास म्हणायचं होतं. पण चेहरा पाहिला आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

तेच म्हणाले, "खोटा शेरा नाही ना देता येत, सूनबाई. तिच्यासाठीसुद्धा."

मी हात पुसले आणि डबा परत पाठवायला बांधू लागले. वायरी पिशवीत भरताना पाहिलं, तर डिस्कची नवी वायर अजून प्लास्टिकच्या पट्टीत आवळलेली होती. तिला कुणी हातच लावला नव्हता. म्हणजे ज्या मालाला आम्ही फाशी दिली, त्याची साक्ष अर्धीच झाली होती.

आता बाबांना 'तुमचं चुकलं असेल' असं सरळ सांगणं शक्यच नव्हतं. तसं आमच्या घरात कुणी कधी सांगितलेलं नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं आणि मग दोन्हीकडचे नातेवाईक बोलवावे लागले होते. पण बाबांचीच एक लाडकी गोष्ट होती. कुठलीशी पार्टी रिजेक्ट झालेल्या मालाची पुन्हा तपासणी करा म्हणून भांडली, नियमाप्रमाणे करावी लागली, आणि माल पुन्हा फेल झाला. ही गोष्ट ते शेवटच्या वाक्यासाठी सांगत. मला त्यातलं मधलं वाक्य हवं होतं.

मी पुन्हा कोट चढवला. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"साहेब, पार्टी पुन्हा तपासणी मागते आहे. पार्टीच्या वायरींवर."

त्यांनी डोळे उघडले. "तशी पद्धत नाही."

"पार्टीला हक्क आहे. तुम्हीच सांगत आला आहात."

त्यांनी माझा कोट एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग उठले आणि मल्टिमीटरची पेटी उघडली. आवाज ऐकून लेक दारात येऊन उभी राहिली. मी पट्टी कापून नवी वायर डब्यात खोचली. बटण. पंखा. टोच्या.

पाच हवेत तिथे पाच. बारा हवेत तिथे बारा.

त्यांनी जुनी वायर परत जोडली. पुन्हा बारा. नवी, पाच. मग दोन्ही वायरी काढून मांडीवर घेतल्या आणि एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. हे करताना त्यांचा पडलेला चेहरा हळूहळू वर येत गेला, अपराधी माणसाचा न राहता शोध लागलेल्याचा झाला. दोन्ही डब्यांची तोंडं दिसायला सारखी, एकाची वायर दुसऱ्यात आरामात बसते, पण आतला क्रम प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने लावलेला. तोंड एक, मन वेगळं. जिच्यावर त्यांनी विसंबावं तीच ओळखीची वायर घोटाळा करत होती. मग ते नातीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी सरळ बसून म्हणाले,

"माल बरोबर आहे, बेटा. तपासणी चुकली."

पेपर खाली आला. एवढ्या आयुष्यात यजमानांनी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ते ऐकताना ते पाहायलाही हवं होतं. पार्टीच्या वतीने अब्रुनुकसानीचा दावा लावायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी काजूची बशी पुढे केली. बाबांनी एक उचलला.

"तू सांगितलं नाहीस ना अजून त्यांना?" त्यांनी नातीला विचारलं.

"मेल लिहून ठेवला होता," ती म्हणाली. "भेजा नहीं."

डबा बसला. तिने चित्र लावलं, आणि ज्या ठिकाणी कॉम्प्युटर हटकून बंद पडायचा ती जागा आली तेव्हा आम्ही तिघं तिच्या खुर्चीमागे उभे होतो. जागा आली आणि गेली. पडद्यावरच्या त्या न बांधलेल्या घरात ऊन सरकत सरकत जिन्यापर्यंत पोचलं. काम शुक्रवारच्या आधीच पुण्याला गेलं आणि घरून काम करायला होकार आला, महिन्यातून एक आठवडा तिकडे येण्याच्या अटीवर. अट ऐकून बाबा थोडे थबकले, पण मान्य आहे म्हणाले. जणू पुण्याने त्यांनाच विचारलं होतं.

तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सकाळी चहा टाकायला लावला. ऑफिसात या वेळी चहा येतो म्हणे. कप घेऊन स्वतःच तिच्या खोलीकडे गेले. ज्या दारातून ते आजवर बेधडक आत शिरत, त्यावर त्यांनी टकटक केलं. आतून ती म्हणाली, "आजोबा, मीटिंग चालू आहे, दोन मिनिटं."

बाबा कप धरून बाहेर उभे राहिले. बऱ्याच वेळाने मी तिकडून गेले तरी ते तिथेच, चहावर साय धरलेली. मी म्हटलं, गार झाला असेल, द्या, नवीन करते, आणि तुम्ही बसा तरी.

त्यांनी मला हळू बोलायची खूण केली.

"ऑफिस आहे ते," ते कुजबुजले, आणि कप दुसऱ्या हातात घेतला.