शब्दांच्या पट्टीवर चौथीतली मुलगी

निमोण्याजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत चौथीचं पुस्तक चौथीला, तिसरीचं तिसरीला, असा माझा शिरस्ता. कुणाला ते वाचता येतं का, हे बघायची मला कधी गरज वाटली नव्हती. एका दिवाळीनंतर वरून वाचन-चाचणी आली. एकेकाला जवळ बसवून पुस्तकाबाहेरचा छोटा उतारा वाचायला दिला. चौथीतलीसुद्धा काही पोरं जोडाक्षर आलं की थांबत. आणि तिसरीतला माझा स्वतःचा मुलगा, पाहुण्यांसमोर धडे घडाघडा वाचणारा, दुसऱ्याच ओळीला छताकडे बघू लागला. धडे त्याचे पाठ होते!

"उताराच अवघड असंल तुमचा," बायको म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. दुसऱ्यांची पोरं अडत होती तोवर मात्र तो सोपा होता.

मग ठरवलं, मधल्या सुट्टीनंतर इयत्ता विसरायची. बसायच्या तीन पट्ट्या अंथरल्या: अक्षरांची, शब्दांची आणि उताऱ्याची. ज्याला जेवढं येतं, तिथं त्यानं बसायचं.

दोन दिवसांत चौथीतल्या एका मुलीचे वडील दारात उभे. मेंढरं सोडून नुकतेच शेतीत स्थिरावलेले. शाळेत आलेली घरातली ही पहिलीच मुलगी.

"गुरुजी, पोरगी दुसरीच्या पोरांत बसवली म्हणं? वस्तीवर हसत्यात. त्यापरीस कांदं लावाया येईल. उद्यापास्नं न्हाई पाठवत."

मी पातळी, गट, प्रगती असं कायकाय बोलत सुटलो. प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं. ते मुलगी बसली होती त्या शब्दांच्या पट्टीकडे बघत होते.

"त्यो तिच्या शेजारचा कुणाचा?"

"माझा. तिसरीतला."

"आन् तुम्ही घरी काय करता मग?"

सगळी शाळा हसली. आमचे चिरंजीवही हसले.

"असू द्या," ते म्हणाले. "गुरुजीचं पोरगं बसतंय, तर आमची बी बसंल. आता कोण हसतंय बघतो."

माझ्या भाषणानं जे झालं नाही, ते मुलाच्या अडखळण्यानं झालं. याचा बाप म्हणून आनंद मानावा की मास्तर म्हणून, हे अजून ठरलेलं नाही.

शिमग्याच्या सुमारास मुलगी उताऱ्याच्या पट्टीवर गेली. मुलगा होता तिथंच. मग संध्याकाळी तीच त्याचं वाचन घेऊ लागली. तो नेमका कुठं गडबडतो, हे शेजारी बसून तिला माझ्यापेक्षा नीट कळलं होतं.

जूनमध्ये वडील तिचा दाखला न्यायला आले. चौथीनंतर त्या वस्तीवरच्या मुली घरीच राहायच्या, त्यामुळं दाखल्यावर सही करण्याआधी मी विचारलं,

"पुढं घालताय ना?"

"व्हय तर, पाचवीला. पर ती म्हणती, तुमच्या पोराचं थोडं राहिलंय. तवा सांजच्याला त्याला धाडत जावा."