डॉक्टर वाटेतच आहेत

"वाटेतच आहेत" असं फोनवर कुणी सांगितलं की माझं डोकं आजही सणकतं. मग तो गॅसवाला असो नाहीतर वरपक्षाची मंडळी. जो खरोखर वाटेत असतो तो सांगत बसत नाही, तो येतो. ही अक्कल मला मानोऱ्याजवळच्या आमच्या शाळेत एका दिवसात आली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर रिठदचं, नोकरी मानोरा तालुक्यात. वर्गातली निम्मी पोरं आजूबाजूच्या तांड्यांवरची. दिवाळी झाली की तांडे रिकामे व्हायला लागतात. मुकादमाचा ट्रक फाट्यावर येऊन लागतो, त्यात गाठोडी, भांडी, पाण्याचे ड्रम, कोंबड्या आणि माणसं चढतात आणि ऊसतोडीला जातात ती होळीच्या सुमारास परततात. पोरंही त्यांच्यासोबत. मागे राहते ती अर्धी शाळा आणि आम्ही.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर वाशीमच्या एका संस्थेनं कळवलं की त्यांचे दाताचे डॉक्टर शाळेत येऊन सगळ्या मुलांची तपासणी करणार. आमचे हेडमास्तर तसे वाईट नाहीत, पण वरून कुणी येणार म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. आदल्या दिवशी त्यांनी पोरांना सांगितलं, "दात घासून या, नीट घासून या, दोनदा घासून या." पोरांनी ऐकलं. घरात ब्रश किती जणांकडे होते देव जाणे, पण कुणी राखुंडी, कुणी कोळसा, कुणी मीठ असं जे हाताला लागलं त्यानं इतकं घासलं की सकाळी अर्ध्या शाळेची तोंडं कोळशाची पोती वाहून आल्यासारखी दिसत होती. मी हापशावर एकेकाला उभं करून चुळा भरायला लावल्या.

आणि वर हेडमास्तरांनी दुसरा हुकूम काढला. खिचडी तपासणी झाल्यावरच वाढायची. का? तर कुठल्याशा शाळेत पोरांच्या दातांत शितं अडकलेली पाहून डॉक्टरनं म्हणे तिथल्या हेडमास्तरांना चारचौघांत झापलं होतं. हे त्यांनी कुणाकडून ऐकलं, खरं होतं की खोटं, कुणास ठाऊक. पण आमच्या शाळेत त्या दिवशी चुलीवर खिचडी शिजून तयार आणि पोरं उपाशी. खिचडी करणाऱ्या मावशी माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "म्याडम, हे काय नवीन? दात पाहाले येऊन राह्यले का पोट?"

मला हसू आलं नाही. कारण माझा सगळा जीव चौथीतल्या एका पोरीत अडकला होता.

तिचा उजवा गाल सुजला होता. सुट्टीतच दाढ दुखायला लागलेली. आईनं आधी लवंग दिली, मग दाढेखाली तंबाखूची चिमूट धरायला लावली. त्यानं दुखणं तेवढ्यापुरतं बधिर झालं आणि सूज वाढतच गेली. मानोऱ्यात दाताचा डॉक्टर यायचा तो फक्त बाजाराच्या दिवशी, आणि बाजार होऊन गेला होता. सकाळी तिचा बाप शाळेत आला.

"म्याडम, पोरीले न्याले आलो. आज गाडी आहे. तिची माय सामान घेऊन फाट्यावर जाऊन बसली."

"थांबा ना, भाऊ," मी म्हटलं. "आज दाताचे डाक्टर येऊन राह्यले, वाशीमहून. घरबसल्या डाक्टर कुठी भेटते? दाखवून घ्या अन् मंग न्या. एकदा कारखान्यावर गेले का होळीपर्यंत कोन पाह्यते हिची दाढ?"

"कवा येतीन?"

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी फोन कानाला लावला, "हो सर, हो सर" केलं आणि म्हणाले, "वाटेतच आहेत."

तो बिचारा निंबाखाली जाऊन बसला. मुकादम संध्याकाळच्या आत निघणार होता. म्हणजे त्या पोरीच्या दाढेला जो काही डॉक्टर मिळायचा तो एवढ्या दिवसातच. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "घाबरू नको. डॉक्टर पाहतील, मग बरं वाटेल." तिनं मान हलवली. बोलणं तिला जड जात होतं.

मग सुरू झालं पोरांना खेळवणं. ते माझ्या गळ्यात, कारण शाळेत कुणी यायला उशीर झाला की गाणी-गोष्टींसाठी मीच. सतरंजीवर रांगा लावलेल्या. रांगा मोडायच्या नाहीत, कारण पाहुणे आल्या आल्या फोटो काढतात. बसल्या जागी जे खेळता येईल ते खेळायचं. आम्ही 'चिमणी उड' घेतलं. सगळ्यांची बोटं जमिनीवर. चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड! म्हशीला बोट उचलणारा बाद. मग कोडी घातली. मग एक राक्षसाची गोष्ट सांगितली, ती इतकी लांबवली की राक्षसाची मावशीसुद्धा मारून झाली तरी रस्त्यावर जीप दिसेना. हेडमास्तर दर थोड्या वेळानं फोन करायचे आणि तेच सांगायचे, वाटेतच आहेत. मानोरा ते वाशीम असा कितीसा रस्ता! त्या हिशेबानं डॉक्टर नागपूर बघून परत आले असते.

मग पोरांनीच 'डॉक्टर डॉक्टर' काढलं. दुसरीतल्या एका पोराला डॉक्टर केलं. तो खुर्चीवर बसला आणि पेशंटच्या तोंडाकडे न पाहता आधी म्हणाला, "चाय सांगा. नारळ कुठी आहे? फोटोवाला कुठी गेला?" सगळी शाळा खदखदून हसली. मीसुद्धा हसले आणि मग मला भयंकर राग आला. सात वर्षांच्या पोराला एवढं पाठ झालं होतं, म्हणजे आमच्याकडे येणारे काय करून जातात ते समजा.

दुपार कलली. पहिलीची लेकरं सतरंजीवर आडवी व्हायला लागली. एकीला उलटीसारखं झालं, पोटात काही नव्हतं तर पाणीच पडलं. त्यावर माझा तोल गेला. मी स्वयंपाकखोलीत गेले, मावशींना म्हटलं, "वाढा."

"सर बोंबलतीन."

"बोंबलू द्या."

हेडमास्तर धावत आले. "मॅडम, काय करता तुम्ही? डॉक्टर येतील, तोंडं बघतील!"

"सर, सकाळपासून उपाशी पोरांची तोंडं तुम्ही बघताय, तेवढं पुरे आहे," मी म्हटलं. "शितं अडकली तर चुळा भरायला पाणी आहे आपल्याकडे. तुम्ही जेवलात ना डबा?"

ते जेवले होते, म्हणून आल्या पावली ऑफिसकडे वळले. पोरं खिचडीवर तुटून पडली. चौथीतली ती मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, थोडी पातळ करून देते, गिळ. ती मान हलवून नाही म्हणाली. शेजारची मैत्रीण म्हणाली, "म्याडम, तिनं सकाळपासून पानी बी नाई पेलं. तिले तोंड साफ ठेवायचं आहे. घान दिसलं तं डाक्टर पाहात नाई म्हंते." मी तिला खूप समजावलं, पण तिचा विश्वास माझ्यापेक्षा सरांच्या हुकमावर जास्त बसला होता.

जीप आली तेव्हा उतरतं ऊन निंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. उतरले दोन तरुण डॉक्टर, एक मुलगा, एक मुलगी, संस्थेचा एक गोल गळ्याच्या कुर्त्यातला माणूस आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला पोरगा. उशीर का, असं विचारण्याची गरजच पडली नाही. कुर्तेवाला स्वतःहून हसत हसत म्हणाला, "तिकडं उद्घाटन होतं ना, पाहुणेच उशिरा आले. सत्कार झाल्याशिवाय निघता येत नाही." जणू काही आम्ही त्याची समजूत काढायला हवी होती.

आधी बॅनर. तो निंब आणि झेंड्याच्या खांबामध्ये बांधायचा, तर एक दोरी कमी पडली, ती शोधण्यात वेळ गेला. मग चहा. मग कुर्तेवाल्याचं भाषण, दातांचे महत्त्व. फाट्यावरून कुणीतरी मोटरसायकलवर येऊन पोरीच्या बापाला सांगून गेलं की मुकादम शिव्या देऊन राह्यला. बाप उठून उभा राहिला. मी भाषण चालू असतानाच पोरीचा हात धरला आणि तिला नेऊन खुर्चीत बसवलं.

"मॅडम, पहिलीपासून घेऊ," कुर्तेवाला म्हणाला. "लाइन बिघडते."

"लाइन सकाळपासून बसलेली आहे," मी म्हटलं. "लाइनचं जे बिघडायचं ते बिघडून झालं. हिची गाडी निघायची वेळ झालीय. आधी हिला बघा."

डॉक्टर मुलगी पुढं आली, टॉर्च लावली. पोरीनं जेवढं उघडता येईल तेवढं तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, ते मात्र मी पाहिलं. "दाढ पूर्ण किडलीय. खाली पू झालाय," ती म्हणाली. "हिला उद्या वाशीमला आणा. एक्सरे काढावा लागेल."

"उद्या ही ऊसतोडीवर असेल. आज, इथं, काहीच नाही करता येणार?"

"मॅडम, आम्ही फक्त तपासणीला आलोय. अवजारं आणलेली नाहीत."

फक्त तपासणी! म्हणजे दाढ दुखते हे दाढ दुखणाऱ्यालाच सांगायला एवढं लटांबर वाशीमहून आलं होतं. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात कॅमेरावाला पोरगा गुडघ्यावर बसला. "बेटा, तोंड उघड. अजून उघड. डॉक्टरकडे बघ आणि हस थोडं." आणि ती हसायला लागली हो. सुजल्या गालानं, डोळ्यांतून पाणी गळत असताना, ती हसण्याचा प्रयत्न करत होती.

मी जाऊन कॅमेऱ्यावर पंजा ठेवला. मग मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. लाज वाटते का, असं विचारलं. तुमच्या उद्घाटनाच्या नारळात या पोरीची दाढ बसवा, असंही काहीतरी म्हटलं. बॅनर गुंडाळून जीपमध्ये घाला आणि पुढच्या वेळी निदान पक्कड घेऊन या, म्हटलं. कुर्तेवाला "वर कळवतो" म्हणाला, मी म्हटलं, "कळवाच, शुद्धलेखन मी तपासून देते." हेडमास्तरांनी माझा पदर ओढायचं तेवढं बाकी होतं. मला थांबायचंच नव्हतं. सकाळपासूनचा राग होता आणि मला वाटत होतं, मी या पोरीसाठी भांडतेय.

तिचा बाप जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, भांडू नका. ते बाई गोळ्या काढून राह्यली पिशवीतून. तुमी बोलसान तं त्या बी देनार नाईत."

मी वळून पाहिलं. डॉक्टरीण खरंच स्वतःच्या पर्समध्ये गोळ्या शोधत होती. मी तोंड मिटलं. माझा राग त्या माणसाला परवडणारा नव्हता, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी पगारदार, उद्या याच खुर्चीत. त्याच्या हाती जे पडायचं ते गोळ्यांचं एक पाकीट, आणि तेही माझ्या भांडणापायी जायला निघालं होतं.

"सकाळ-संध्याकाळ द्या," डॉक्टरीण म्हणाली. "पण जेवण झाल्यावर. रिकाम्या पोटी अजिबात नाही." आणि पोरीला विचारलं, "जेवलीस ना?" पोरीनं हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर झेंड्याच्या खांबाकडे पाहायला लागले.

मावशींनी भांड्याच्या बुडाशी राहिलेली खिचडी गरम पाण्यात कालवून आणली. पोरगी डाव्या बाजूनं एकेक घास गिळत होती आणि फाट्यावरून हॉर्न वाजत होता. मी बापाला म्हटलं, "हिले माझ्यापाशी ठेवून जा. उद्या मी नेते वाशीमले, सारं करून आणते. बरी झाली का पाठवते."

त्यानं लगेच नाही म्हटलं नाही. विचार केला. मग म्हणाला, "आमी दोघं फडात जाऊ तं लहान्याले कोन सांभाळीन, म्याडम? तो हिच्याबिगर राहात नाई." लहाना म्हणजे तिचा वर्षभराचा भाऊ.

तिनं गोळी घेतली, पाणी प्यायली, संस्थेनं दिलेली टूथपेस्टची नळी दप्तरात टाकली. पाठीमागे पहिलीची लेकरं एकेक करून खुर्चीवर बसत होती आणि कॅमेरावाला पुन्हा 'हसा' म्हणत होता. बापानं तिचा हात धरला. दोन पावलं जाऊन ती थांबली, गालाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"म्याडम, डाक्टरनं तं पाह्यलं. मंग अजून काहून दुखून राह्यलं?"

तिच्या बापानंही माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेच विचारायचं होतं.