वळणावरचा शिक्का

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. रविवारी सकाळी हेल्मेट घातलेली, जाड टायरच्या गिअर सायकलींवरून डोंगर चढून आलेली मुलं-मुली आमच्या घरी चहाला थांबतात. मी एकेकाळी सायकलचं दुकान चालवायचो, हे त्यांना ठाऊक आहे. "आजोबा, तुमच्या वेळच्या शर्यती सांगा ना," म्हणतात. मी सांगतो. उलटं बसवलेलं हँडल, काढून टाकलेली मडगार्डं, खिशात गुळाचे खडे. त्र्यंबकच्या शर्यतीपाशी आलो की चहा बघायच्या निमित्तानं आत जातो. आता पंच्याऐंशी उलटली. आत जाऊन बसायला फार दिवस उरलेले नाहीत.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. एका व्यायामशाळेनं नाशिक ते त्र्यंबकेश्वर आणि परत अशी शर्यत ठेवली. सातपूरकडच्या एका कारखान्याच्या मॅनेजरनं सांगितलं होतं, पहिला येईल त्याला आमच्या सायकल संघात घेऊ. संघात घेणं म्हणजे कारखान्यात कायमची नोकरी. त्यामुळे नेहमीची हौशी मंडळी सोडून भलतीच पोरं नाव नोंदवायला आली.

त्यात एक पाववाला होता. द्वारका चौकाजवळच्या बेकरीतून दोन पत्र्याच्या पेट्या कॅरिअरला बांधून तो रोज पहाटे नाशिकरोडपर्यंत पाव पोचवायचा. वय बावीस-तेवीस, रंगानं काळा, उंच. घरी आई, बायको, तान्ही मुलगी. शर्यतीच्या आठवड्यात तो माझ्या दुकानात मागच्या चाकाचं सोळा दात्यांचं फ्रीव्हील मागायला आला. दाते जितके कमी तितका वेग जास्त, पण पायडल जड.

"अरे, चढ आहे त्र्यंबकचा. सोळावर पाय भरून येतील," मी म्हणालो.

"शेठ, पेट्या बांधून अठरावर रोज जातो. पेट्या काढल्या की सोळा काय, चौदा पण चालंल."

दुकानातली सगळी हसली. माझा स्वतःचा गडीही त्या शर्यतीत होता. माझ्याकडेच कामाला होता, आणि त्याच्यासाठी मी मुंबईहून हलक्या रिमा आणि बारीक टायर आणवले होते. सायकल कंपनीचा प्रतिनिधी शर्यत बघायला येणार होता. जिल्ह्याची एजन्सी कोणाला द्यायची हे त्याच्या हातात होतं, आणि माझ्या दुकानाची सायकल पहिली यावी असं मला फार वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

त्र्यंबकला जिथून परत फिरायचं, त्या वळणावर मला बसवलं होतं. कोणी अर्ध्यातून परत फिरू नये म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर माझ्या दुकानाचा गोल रबरी शिक्का मारायचा. शिक्का नाही त्याची शर्यत बाद. जोडीला दुसरा माणूस येणार होता, तो आलाच नाही. गावात शिरताना एका पिंपळाखाली मी खुर्ची टाकली, छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बसलो. शेजारी एक बाई बेलफुलं विकत होती.

सातला सुटलेले गडी आठच्या आत येणं शक्य नाही, असा माझा हिशेब होता. साडेसातच्या सुमाराला गावातला भाड्याच्या सायकलींचा दुकानदार आला. त्याला एकदम बारा सायकली हव्या होत्या. "इथंच तर आहे दुकान, शेठ. जुन्या गाड्या बघून घ्या, किती काढायच्या ते सांगा." मी घड्याळ पाहिलं आणि उठलो. मागे कोणी भलत्यानं वापरू नये म्हणून शिक्का आणि शाईची डबी खिशात घातली. पाच मिनिटं म्हणून गेलो. सायकली बघता बघता वीस-पंचवीस झाली.

परत आलो तर फुलवाली म्हणाली, "तुमचा एक जण यिऊन गेला की."

"कोण? केव्हा?"

"आत्ताच. शिक्का शिक्का वरडत व्हता. खुर्चीला दोन येढे घातले, मला इचारलं. म्या म्हनलं, मला काय ठावं बाबा. मंग गेला. लय घाईत व्हता."

"कसा दिसत होता?"

"काळा, उंच. हँडल उलटं."

म्हणजे पाववालाच. आठला अजून पाच मिनिटं होती. माझी स्कूटर झाडाला टेकलेली होती. किक मारली असती तर दोन मैलांत त्याला गाठून शिक्का मारता आला असता. पण वळण पुन्हा सोडायचं कसं? हा विचार खरा होता, आणि सोयीचाही होता. मी किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. तेवढ्यात माझा गडी आला. मी त्याच्या मनगटावर शिक्का मारला. शिक्का पुसट उठला, म्हणून पुन्हा मारला.

शेवटचा गडी वळेपर्यंत मी तिथंच होतो. मग स्कूटर काढली. वाटेत वाक्य जुळवत होतो: मी जागेवर नव्हतो, पाववाला येऊन गेला, त्याची चूक नाही. अंजनेरीपर्यंत ते वाक्य नीट पाठ झालं होतं.

मैदानावर गोंधळ चालू होता. पाववाला सर्वांच्या आधी आला होता. कोणाला वाटलं नव्हतं इतक्या लवकर आला, म्हणून फीतसुद्धा घाईघाईनं धरावी लागली होती. आणि त्याचं मनगट कोरं होतं. त्याच्या कॉलनीतली माणसं एका बाजूला उभी होती, बायका पोरांना कडेवर घेऊन. सकाळी त्यांनी त्याला बुद्धविहारापासून मिरवत आणलं होतं. दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे. मधे तो, सायकल धरून.

व्यायामशाळेचे अध्यक्ष मला बघताच म्हणाले, "या शेठ. आता तुम्हीच सांगा. हा म्हणतो, वळणावर कोणी नव्हतं. तुम्ही जागा सोडली होती का?"

कंपनीचा प्रतिनिधी अध्यक्षांच्या शेजारी उभा होता.

"नाही," मी म्हणालो.

पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं, मला आजही कळत नाही. पाववाल्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी चुकून बोललो असेन आणि आता दुरुस्त करीन, अशी वाट बघत.

"शेठ, आठवा ना. तुमची छत्री खुर्चीला टांगलेली. खुर्ची रिकामी. मी दोनदा फिरलो."

"शेठची छत्री सगळ्या नाशकाला माहीत आहे," कोणीतरी मागून म्हणालं. "न जाता पण सांगता येईल!" लोक हसले.

अध्यक्षांनी माझ्या गड्याला विचारलं, "याच्या मागोमाग तूच होतास. तुला वाटेत हा समोरून आला असेल ना? कुठं भेटला?"

गड्याला पाववाला अगदी त्र्यंबकला टेकता टेकता भेटलेला असणार. तेवढं एक वाक्य पुरलं असतं. गड्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं असेल ते दिसलं.

"मान खाली होती. लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

संपलं. कॉलनीतले एक म्हातारे गृहस्थ पुढे येऊन शांतपणे म्हणाले, "साहेब, त्र्यंबकला माणूस पाठवून विचारा की. कोणीतरी पाहिलं असेल." अध्यक्ष म्हणाले, "शेठच्या शब्दावर आम्ही चौकशा करत नसतो." माझा शब्द तपासायचा नाही आणि त्याचा मानायचा नाही, हे कशावरून ठरलं, ते मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही. मी त्याचा फायदा घेतला.

नोकरी माझ्या गड्याला लागली. एजन्सी मला मिळाली. पाववाल्याला गावात नाव पडलं, हाफ तिकीट. तो पेट्या बांधून निघाला की चौकातली पोरं ओरडायची, "ए हाफ तिकीट, आज नाशिकरोडपर्यंत जाणार का अर्ध्यातून परत?" आधी तो उलट बोलायचा. मग बोलेनासा झाला. पाव पोचवून माझ्या दुकानावरून परतताना मात्र मान वळवून नमस्कार करायचा. तो नमस्कार टाळायला मी सकाळी दुकान उशिरा उघडायला लागलो.

आठ-नऊ वर्षं गेली. गिअरच्या सायकली दुकानात यायला लागल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात उभं राहिलं की गिऱ्हाइकांचे डोळे चमकायचे. माझं मन त्यात लागत नव्हतं. एका दुपारी निश्चय करून बेकरीत गेलो. तो बाहेर टेम्पोत पेट्या चढवत होता. केस पिकायला लागले होते.

"शेठ? तुम्ही? पाव पाहिजे का?"

"नाही. तुझ्याशी बोलायचं होतं. त्या शर्यतीबद्दल."

त्यानं पेटी खाली ठेवली. हात पँटला पुसले. आणि मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "शेठ, मलाच तुम्हाला विचारायचं होतं. किती दिवस. माझी बायको म्हणते सोडून दे. पण मला आता वाटतं, मीच नीट बघितलं नसंल. घाम डोळ्यात होता. तुम्ही झाडामागं कुठं असाल, मला दिसला नसाल. नाहीतर तुमच्यासारखा माणूस कशाला खोटं बोलंल?" मग त्यानं विचारलं, "तुम्ही झाडामागं होता का?"

त्याला फक्त होकार हवा होता, म्हणजे त्याच्या मनातला प्रश्न एकदाचा मिटणार होता. मला फक्त नाही म्हणायचं होतं. त्या मैदानावर जो शब्द मी खोटा वापरला, तोच इथं खरा होता.

"असेन," मी म्हणालो.

"तेच म्हटलं," तो म्हणाला. हलका झाल्यासारखा हसला, आणि एक गरम पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

पहिल्या वेळी मी त्याची नोकरी घेतली होती. या वेळी, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं होतं, तेही मी काढून घेतलं. पुढं तो बेकरी सोडून नामपूरकडे सासुरवाडीला गेला. मी दोनदा एसटी स्टँडवर जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा निघायच्या आधी त्याच्या कॉलनीतल्या एकानं सांगितलं की तो वारला.

जे बेकरीसमोर म्हणायचं होतं, ते एवढंच होतं: तुझे डोळे बरोबर होते. खुर्ची रिकामी होती. झाडामागं कोणी नव्हतं. तू आला होतास, सगळ्यांच्या आधी आला होतास, आणि मी खोटं बोललो. मला माफ कर.