लातूरला नेलेली पाच फुटी लिफ्ट

रोबो घेऊन लातूरला जायचं असेल तर आधी गाडीची डिकी मोजून घ्या. आम्ही मोजली होती, पण फक्त रोबोपुरती. तिथे एक गुंडाळलेली गादी, एक बादली आणि पत्र्याची पेटीसुद्धा येणार आहे, हे आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं.

गादी माझ्या भाचीची, केतकीची. तिची दहावी नुकतीच झाली होती. नांदेडला मी गणित शिकवते आणि शाळेत मुलांचा रोबो-वर्ग चालवते, त्यातलं सगळ्यात तल्लख डोकं तिचं. तिला नांदेडातच पॉलिटेक्निकला जाऊन मेकॅनिकल करायचं होतं. तिच्या वडलांना, म्हणजे माझ्या दादाला, तिला लातूरला ट्युशनला ठेवून डॉक्टर करायचं होतं. दोन महिने घरात धुसफूस झाली आणि शेवटी दादाने अट घातली.

"लातूरला तुमची स्पर्धा हाय ना? तिथं सगळ्यात वरच्या दांडीला ती कडी अडकवून दाखवा. अडकली तर पोरगी नांदेडात राहील. न्हाई अडकली तर तिथूनच ट्युशनला. सामान संगंच घेऊन जाऊ."

स्पर्धेत रोबोने उंच-उंच दांड्यांना कड्या अडकवायच्या असतात. वरची दांडी जमिनीपासून पाच फुटांवर. आणि सुरुवातीला रोबो दीड फुटाच्या चौकटीत मावला पाहिजे, हा नियम. मागच्या वर्षी आमची लिफ्ट साडेतीन फुटांवरच थांबली होती. यंदा केतकीने दादाच्याच हार्डवेअरच्या दुकानातून ड्रॉवरचे चॅनेल उचलले. स्वयंपाकघरातला ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो ना, तेच. दीड-दीड फुटाच्या चार पट्ट्या एकीला एक जोडून उभ्या केल्या, मध्ये कप्प्या आणि नायलॉनची दोरी. मोटर फिरली की दोरी ताणली जाते आणि एकातून एक पट्टी वर निघते. दर पट्टीची चार बोटं आत राहू द्यायची, नाहीतर वरची वाकते. जड बॅटरी अगदी तळाशी ठेवायची, नाहीतर रोबो तोंडावर पडतो. हे सगळं तिचं तिने शोधलं. मी फक्त चहा केला आणि "हळू गं" म्हणत राहिले.

सकाळी साडेपाचला निघालो. दादा गाडी चालवत होता, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. मागे केतकी आणि तिची मैत्रीण सना. केतकी रोबो बांधते, सना रिमोटवर चालवते. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. मोठा रस्ता झाल्यापासून तीन तासांत लातूर येतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी घरूनच भरून घ्या. लोह्याला सुशीला खाल्ली. कुरमुऱ्यांचा हा प्रकार नांदेडकरांना नव्याने सांगायला नको, बाकीच्यांनी वर शेव मागून घ्यावी.

"पप्पा, अडकली तर खरंच ना?" केतकीने विचारलं.

"हाव म्हणलं ना. माझा शब्द हाय."

अहमदपूरच्या पुढे एका धाब्यावर थांबलो. घरच्या धपाट्यांचा डबा उघडून ते तिघं बसले. मी डिकी उघडून रोबो कसा आहे ते पाहायला गेले. लिफ्ट हाताने पूर्ण वर ओढली, तर वरचं टोक वीतभर हललं.

इथे माझं एक सांगायला हवं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरच्या एका वसतिगृहात होते, डी.एड. करत होते. लोखंडी कपाट चालत चालत माझ्या खाटेपर्यंत आलं होतं. त्यानंतर कित्येक महिने आम्ही मुली पटांगणात झोपलो. तेव्हापासून हलणारी कुठलीही गोष्ट मला सहन होत नाही. घरातल्या पंख्याचे, खुर्च्यांचे, देव्हाऱ्याचेसुद्धा स्क्रू मी दर महिन्याला आवळते. त्या दिवशीही केतकीच्या पेटीतून पेचकस काढला आणि पट्ट्यांचे सगळे स्क्रू जीव लावून आवळले. टोक हलायचं थांबलं. मला फार बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटलं नाही.

लातूर आलं ते पोरांच्या फोटोंसकट. चौकाचौकात ट्युशनवाल्यांचे फलक, फलकावर मार्क. भूकंपानंतर हेच गाव स्लॅबखाली झोपायला तयार नव्हतं. आता तिथे पाच-पाच मजली होस्टेलं उभी आहेत आणि प्रत्येक खिडकीत तीन टॉवेल वाळत आहेत. ॲडमिशनच्या दिवसांत गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा आमच्यासारखी लांबच लावा आणि चालत जा. कोपऱ्यावरच्या गाड्यावर निलंगा राईस खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीशी. तीस रुपयांत पोट भरतं. शेजारी दोन बाप बोलत होते.

"तुमचा कोणत्या बॅचला?"

"बॅच मिळाली हो. रूमच मिळंना गेलीय."

दादाने कान टवकारले. ते मला दिसलं.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत सनाने रोबो दांडीखाली नेमका आणून उभा केला. लिफ्ट निघाली. एक पट्टी, दुसरी पट्टी, आणि साडेतीन फुटांवर मोटर घरघरून थांबली. तिसरी पट्टी जागची हलेना. दोरी ताणून तारेसारखी झाली होती. वेळ संपला.

दादा उठला. घड्याळ पाहिलं, गॉगल लावला आणि "येतो जरा" म्हणून बाहेर गेला.

केतकीने रोबो आडवा घेतला. स्क्रूला पेचकस लावला आणि तिचा हात थांबला.

"सना, हे तू आवळलेस?"

"मैं कायको? मैं तो हात भी नै लगाई."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा सगळं सांगत असणार.

"हलत होतं गं," मी म्हटलं.

"आत्या, ते हलायलाच पाहिजे. पट्ट्या दाबल्या की आतल्या बेअरिंगच्या गोळ्या अडकतात. थोडी ढील द्यावी लागते." चिडली नव्हती. वर्गात लहान मुलांना समजावते त्याच आवाजात म्हणाली आणि एकेक स्क्रू अर्धा फेरा सोडत गेली.

दुसऱ्या फेरीत लिफ्ट वर गेली. चारही पट्ट्या. वरचं टोक डुलत होतं, मी डोळे मिटून घेतले, आणि सनाची किंकाळी ऐकून उघडले. कडी दांडीवर होती. पाच फुटांवर! त्या दिवशी वरच्या दांडीला कडी लावणारे फक्त दोन संघ होते, त्यातला एक आमचा. केतकी मागे वळून दाराकडे बघत होती.

दादा अर्ध्या तासाने आला. शर्ट घामाने भिजलेला, हातात पावती.

"शोभा, लई मारामारी होती. शेवटची शीट मिळाली बघ. फी भरून टाकली."

"दादा, लागली कडी. दुसऱ्या फेरीत लागली."

त्याने दांडीकडे पाहिलं, मग पोरीकडे. "लागली का? लई छान." जरा थांबला. "पण पहिल्यांदा लिफ्ट अडकलीच ना? आता ॲडमिशन झालं, बाळा."

त्याच क्षणी मी स्क्रूचं सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. पन्नाशीची बाई, पोरांना गणिताच्या चुका कबूल करायला शिकवते, आणि थोरल्या भावासमोर स्वतःची चूक गिळून टाकली. केतकीनेही सांगितलं नाही. मला वाचवायला, हे मला माहीत आहे.

होस्टेलची खोली चौथ्या मजल्यावर होती. खाली चिकटवलेला कागद: लिफ्ट बंद आहे. गादी दादाने नेली, बादली सनाने, पेटी केतकीने आणि मी मिळून. खोलीत तीन खाटा, तिची मधली. निघताना वॉर्डनबाई दादाला म्हणाल्या, "काळजी करू नका, आम्ही जरासुद्धा ढील देत न्हाई." दादा समाधानाने हसला.

परतताना मागे सना एकटीच होती. चाकूरला चहा घेतला, बेचव होता. माळाकोळीच्या पुढे सनाने विचारलं, "आंटी, अब बनाएगा कौन?" मी म्हटलं, बघू.

रोबो आता माझ्या घरी आहे. केतकीचा फोन रविवारी येतो, दहा मिनिटं. जेवण बरं आहे म्हणते. मग दर वेळी विचारते, "आत्या, आवळले नाहीस ना?" नाही आवळले. लिफ्ट वर केली की अजून वीतभर हलते आणि मी समोर बसून बघते. तिला मी खाली ओढलं, हा विचार काही केल्या जात नाही.

दादा हा ब्लॉग वाचतो. खाली कधी काही लिहीत नाही, पण वाचतो. दादा, पहिल्या फेरीत लिफ्ट अडकली ती केतकीमुळे नव्हे. ते स्क्रू अहमदपूरच्या धाब्यावर मी आवळले होते. तू शब्द दिला होतास आणि तिने कडी लावली. लातूरचा रस्ता चांगला आहे, तीन तास लागतात.