शेजारच्या खुर्चीतला हौ

हैदराबादेत मलकपेठच्या आमच्या घरात कपाटाच्या दोन्ही दारांवर तो कागद अजून चिकटवलेला आहे. विमानाच्या कॉकपिटचं खऱ्या आकाराचं चित्र. पायलटच्या ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाला त्याची गुंडाळी देतात आणि सांगतात, घरी लावा, समोर खुर्ची मांडा, आणि हातांना सगळं पाठ होईपर्यंत बसा. मी दोन खुर्च्या मांडल्या, कारण विमान दोघं चालवतात. डावीकडे बाबा बसायचे.

बाबांनी जामबागेतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवला होता. विमानातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. पायलटचं लायसन्स मिळाल्यावर चार वर्षं मी दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत नोकरीची वाट बघितली होती. लहान शहरांना पंख्याची विमानं नेणाऱ्या एका कंपनीनं मला घेतलं, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. बॅचमधले सगळे मला अक्का म्हणत.

आम्हाला सगळ्यात जास्त घोटून घेतलं ते एक इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते. बिघडलेल्या इंजिनाचा लिव्हर मागे ओढून ते पूर्ण बंद करायचं. पण घाईत माणूस चालू असलेलंच इंजिन बंद करू शकतो. म्हणून जो विमान सांभाळत नसतो त्यानं लिव्हरवर हात ठेवायचा, इंजिनाचा नंबर मोठ्यानं म्हणायचा आणि विचारायचं, "कन्फर्म?" विमान सांभाळणाऱ्यानं त्या हाताकडे बघायचं, मीटरकडे बघायचं आणि मग "कन्फर्म" म्हणायचं. तोवर हात हलवायचा नाही.

"एक नंबर, कन्फर्म?" मी कागदावर बोट ठेवून विचारायची.

बाबा जरा थांबून म्हणायचे, "हौ."

"बाबा, कन्फर्म म्हणायचं असतं."

"पाच पिढ्या हैदराबादेत गेल्या आपल्या. आता होकारसुद्धा इंग्रजीत देऊ काय? ओढ तू."

लेखी परीक्षा संपली त्या आठवड्यात एका सकाळी पेपर वाचता वाचता बाबा गेले. पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली असत, आणि मी आत कपाटासमोर. तेराव्यानंतरच्या सोमवारी सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानातला सराव, सुरू होणार होता. डावी खुर्ची मी हलवली नव्हती. "एक नंबर, कन्फर्म?" असं मी विचारायची आणि थोडं थांबून मीच म्हणायची, "कन्फर्म." हौ म्हणायला जीभ वळत नव्हती.

सिम्युलेटरमध्ये माझी जोडीदार दिलसुखनगरचीच होती, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तेलुगू घरातली, तोंडानं फटकळ. परीक्षेच्या दिवशी विमान तिच्या हातात होतं. जमीन सुटली आणि एक नंबरचं इंजिन गेलं. विमान एका अंगाला ओढ घेऊ लागलं. मी लिव्हरवर हात ठेवला, "एक नंबर, कन्फर्म?" म्हटलं आणि लिव्हर ओढला. सगळं नीट झालं असं मला वाटत होतं. मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरनी सिम्युलेटर थांबवला.

ते हवाई दलातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. "मॅडम, कन्फर्म किसने बोला?"

मी जोडीदाराकडे बघितलं.

"मेरे को मत देखो अक्का. तुम्हीच पूछे, तुम्हीच बोल दिए. मेरी जरूरत नहीं तो बोलो, मैं चाय पीने जाती."

"पण सर, बंद केलेलं इंजिन तर बरोबरच होतं," मी हिंदीत म्हटलं.

"हां. सही था. आपको बताया किसने?"

मी नापास झाले होते. शुक्रवारी एकदाच पुन्हा संधी मिळणार होती, आणि तीही गेली तर ट्रेनिंग संपलं, घरी जायचं. हे सगळं मला कळत होतं. फक्त मी "कन्फर्म" कधी म्हटलं ते आठवत नव्हतं. गाडीत बसून मी तो क्षण पुन्हा पुन्हा आणून बघितला. दर वेळी मला माझा प्रश्न ऐकू यायचा, आणि पुढे लिव्हर मागे गेलेला असायचा.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती येऊन डाव्या खुर्चीत बसली.

"एक नंबर, कन्फर्म?"

"थांब. एक नंबर कुठला? कशावरून बिघडला?"

"आई, तू फक्त कन्फर्म म्हण."

"न बघता कशी म्हणू?"

"बाबा म्हणायचे."

"ते चष्मा काढून बसायचे इथे," आई म्हणाली. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, मला कुठे काय कळतंय, पोरगी बरोबरच करते."

मी त्या खुर्चीकडे बघत राहिले. इतके सगळे हौ, आणि त्यांतला एकही बघून दिलेला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता की रडू, ते ठरेना. शिवाय मी तरी कुठे बघत होते? दर वेळी मी एक नंबरच म्हणत आले होते.

आई उठली, आरशाखालच्या खणातून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. आता ती लावत नव्हती. कोणत्या मीटरला काय म्हणतात ते तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग मला डोळे मिटायला लावून एका मीटरवर लाल टिकली चिकटवली.

"हे बिघडलं. उघड डोळे."

"एक नंबर, कन्फर्म?"

"नाही. टिकली दोनवर आहे. शिकवायचीस ना गं तू फिजिक्स?"

बाबा गेल्यापासून घरात कुणी मला चिडवलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत आम्ही रोज बसलो. आई फार वेळ लावायची. चष्मा पुसायची, बोटाकडे बघायची, टिकलीकडे बघायची, पुन्हा बोटाकडे. तेवढा वेळ हात न हलवता थांबणं मला जड जायचं.

शुक्रवारी इन्स्ट्रक्टरनी दोन नंबरचं इंजिन घालवलं. मी मीटर बघितले, हात ठेवला, म्हटलं, "दोन नंबर, कन्फर्म?" जोडीदार काही बोलेना. ती विमान सरळ ठेवायला झगडत होती. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. मी दात आवळून धरले. तिनं मान वळवली, माझा हात बघितला, मीटर बघितले.

"कन्फर्म."

मी लिव्हर ओढला.

इन्स्ट्रक्टरनी कागदावर सही केली आणि जोडीदाराला म्हणाले, "आज चाय पीने नहीं गईं आप?"

घरी आईनं दारातच विचारलं, "बघितलं का तिनं?"

"हौ," मी म्हटलं.

बाबांचा चष्मा पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला होता, त्या सकाळी कुणीतरी काढून ठेवला होता तसाच. त्यांनी एकदा तरी तो लावून माझ्या बोटाकडे बघितलं असेल का, हे मी आईला विचारलं नाही.